कडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगावात मामांच्या कामावर हिशेब लिहायला जात होतो. पावसाआधी घरांवर झुकलेल्या फांद्या दोराने बांधून उतरवायच्या. दोर आणि कॅराबिनर, म्हणजे दार असलेल्या कड्या, मोजून देणे माझ्याकडे होते.

एके दिवशी अण्णा आंब्यावर चढायला निघाले. घाईत मीच त्यांच्या पट्ट्याला कडी लावली. त्यांनी खालीच दार अंगठ्याने दाबून पाहिले, तो ते उघडले! सालीची कपची अडकून दार मिटले नव्हते, आणि स्क्रू मी फिरवलाच नव्हता. माझे हातपाय गार पडले.

अण्णा रागावले नाहीत. "नोडो तम्मा," म्हणत त्यांनी कडीवरचे आकडे दाखवले: उभ्या ताणात २२ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ सव्वादोन टन, आडव्या ताणात ७, दार उघडे असले तरी ७. मग ती ठेवून त्यांनी आपोआप कुलूप पडणारी कडी घेतली. दोर घासून स्क्रू फिरू शकतो, म्हणाले. आणि ओंडका उतरवायची कडी माणसाला लावायची नाही.

जमाखर्चातली चूक दुरुस्तीच्या नोंदीने सुधारते. झाडावर ती नोंद कोण करणार? आता मी कडी आधी पाहतो, मग दाबतो, मगच "हूं" म्हणतो.