काळजाचा व्रण

आपल्या मराठी भाषेत काळजाला फार सोसावे लागते. त्याला घरे पडतात, पीळ पडतो, कधी त्याचे पाणीपाणी होते. आणि कादंबरीच्या पुढच्या प्रकरणात ते पुन्हा शाबूत! हे वाक्प्रचार शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली.

गेल्या वर्षी आमच्या अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. तपासणीत हृदयाचा एक कोपरा हलताना दिसेना. तिथला स्नायू मेला होता. उरला होता नुसता व्रण. तो आता असाच राहणार, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, जनुकांच्या औषधाने हृदय पुन्हा वाढते म्हणे. ह्यांना नाही का मिळणार ते?"

मी मराठीचा प्राध्यापक. पण वहिनींसाठी वाचायला बसलो.

मोडलेले हाड सांधते, मग हृदयच एवढे हटवादी का? पंचविशीतही त्याच्या स्नायुपेशींपैकी वर्षाकाठी शंभरात जेमतेम एक नवी होते, असे २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. उलट झेब्राफिश हा आपल्याच देशातल्या ओढ्यांत सापडणारा बोटभर मासा! त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला, तरी दोन महिन्यांत भरून येतो. एका दिवसाच्या उंदराच्या पिलालाही ही विद्या येते. आठवड्याचे झाले की ते ती विसरते.

ती विद्या पुन्हा आठवून द्यायची, हा या उपचाराचा हेतू. निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी पेशींना 'वाढा' असा निरोप धाडायचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डुकरांना झटक्यानंतर असा निरोप दिला. महिन्याभरात व्रण आकसला, हृदय जोमाने चालू लागले. पण निरोप थांबेचना! कच्च्या पेशी वाढतच राहिल्या, हृदयाचा ताल बिघडला आणि बहुतेक डुकरे अचानक दगावली.

आता शास्त्रज्ञ थोड्या दिवसांत आपोआप विरून जाणारा निरोप तयार करण्याच्या खटपटीत आहेत. वाढण्याइतकेच वेळेवर थांबणेही पेशीला शिकवावे लागते, हे त्यांना डुकरांनी शिकविले.

वहिनींना मी हे सारे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे घाई नको."

घाई नको हे खरे. पण वेळ तरी कुठे फार आहे? मेलेल्या कोपऱ्याचे काम अण्णांच्या हृदयातला उरलेला स्नायू निमूटपणे ओढतो आहे. गोळ्या आणि सकाळचे फिरणे त्याच्या मदतीला आहेत. तो थकायच्या आत तो शहाणा निरोप येऊन पोचावा, एवढेच मागणे आहे.