वेलीची टोपली

परदेशी गेलेला माणूस समुद्र पाहतो, देवळे पाहतो. पण शेतीखात्यात हयात घालवलेल्याची नजर आधी शिवाराकडे वळते. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर फिरा या मुख्य गावाहून बस धरली आणि डोंगरउतारावरचे पिर्गोस अर्ध्या दिवसात पाहून आलो. वाटेत द्राक्षमळे लागले, पण मांडव नाही, तार नाही, बांबू नाही!

जमीन ज्वालामुखीच्या राखेची. पाऊस हिवाळ्यात, तोही बेताचा. उन्हाळा कोरडा, वारा जबर. म्हणून वेल जमिनीलगत गोल वळवून तिची टोपली विणतात. घड आत सुरक्षित राहतात. समुद्रावरून येणारे दव ही सच्छिद्र माती धरून ठेवते, त्यावर जुन्या बागा तगतात. 19 व्या शतकात फायलोक्सेरा या मुळावरच्या किडीने युरोपातल्या बागा बसवल्या. या मातीत तिचे काही चालले नाही. आपण डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, इथला वेल स्वतःच्याच मुळांवर उभा आहे.

इथली फावा डाळ तर आपल्या लाखेची बहीण!

मात्र उत्पन्न थोडे, मेहनत फार आणि बांधकामासाठी जमिनीला मोठी मागणी. त्यामुळे बागा घटत आहेत. दुष्काळाला पुरून उरलेला वेल सौद्यापुढे हरतो. तुमच्या शिवारातही दलाल येतच असेल. त्याला शब्द देण्याआधी घरातल्या बायामाणसांना आणि मुलांना जवळ बसवून हिशेब मांडा.