चार हरणं, एक डोकं

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात सगळी गर्दी बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रापुढे असते. आतल्या एका खांबाच्या माथ्यावर कोरलेल्या हरणांवर गाइडने बॅटरी मारली, तरच लोकांच्या माना वर होतात. तिथे धडं चार आहेत आणि डोकं एकच. ज्या धडावर नजर ठेवाल, त्याचंच ते डोकं वाटतं. लोक वा म्हणतात आणि पुढे सरकतात. मी तिथेच रेंगाळतो, कारण माझा धंदाच तो आहे. एकदा काढलेला अवयव अनेक ढबींना पुरवायचा आणि जोड कुठे आहे, ते कुणाला कळू द्यायचं नाही.

लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ. मी सोयगावात बसून मोबाइलवरच्या खेळांसाठी आणि मुलांच्या गोष्टींसाठी पात्रं काढतो. ती हलवणारा माणूस पुण्यात असतो. त्याच्याकडे जातं ते अखंड चित्र नसतं. डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल असे सुटे पीएनजी जातात. तो त्यांत हाडं बसवतो आणि पात्र चालू लागतं.

असे तुकडे का करायचे, याचं उत्तर मोबाइलच्या मेमरीत आहे. चालण्याची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र काढली आणि ती ५१२ बाय ५१२ पिक्सेलची असली, तर दर पिक्सेलला चार बाइट धरून एका फ्रेमला एक एमबी लागतो. आठ फ्रेमचं चालणं म्हणजे आठ एमबी. मग पळणं, बसणं, वाकणं आहेच. पीएनजी फाइल डिस्कवर कितीही बारकी दिसो, स्क्रीनवर येताना ती पूर्ण उलगडते. तेच पात्र तुकड्यांत १०२४ बाय १०२४ पिक्सेलच्या एका शीटवर मावलं, तर चार एमबीत त्याच्या सगळ्या हालचाली निघतात.

पण तुकडे करणं म्हणजे तयार चित्र कापणं नव्हे. नवी मुलं तेच करतात. छान चित्र रंगवतात, खांद्यावरून कापतात आणि हात जरा उचलला की काखेत भगदाड पडतं. हलणारं चित्र पहिल्यापासून झाकलेल्या भागासकट काढावं लागतं. धड खांद्याच्या आतपर्यंत रंगवायचं, दंड धडाच्या मागे शिरेल इतका लांब घ्यायचा, केसांखालचं कपाळ पुरं करायचं. एका जागी उभ्या असलेल्या चित्रात यातलं काहीच कुणाला दिसणार नसतं. निम्मी मेहनत तिथेच जाते.

सांध्याचा नियम साधा आहे. जुळणाऱ्या दोन्ही टोकांना सारख्याच व्यासाचं अर्धवर्तुळ द्यायचं, दोन्हींची केंद्रं एकावर एक आणायची आणि फिरण्याचा बिंदू, म्हणजे पिव्हट, नेमका तिथे ठेवायचा. मग हात कितीही फिरवा, फट पडत नाही. बाह्यरेषा असेल, तर वरच्या तुकड्याच्या सांध्याकडच्या टोकाला ती सोडून द्यायची. नाहीतर कोपरावर काळी चकती उमटते. आंध्रातल्या तोलु बोम्मलाटाच्या चामडी बाहुल्यांना खांदा, कोपर, कंबर, गुडघा असे सांधे असतात. ओडिशाच्या रावणछायेतली बाहुली अखंड एका तुकड्याची, बिनसांध्याची. तिचा सगळा जीव ती पडद्याजवळ नेण्यात आणि दूर घेण्यात असतो. बाहुली कापायच्या आधीच कारागिराला ठरवावं लागतं की हिच्याकडून काय करून घ्यायचं आहे. आम्हालाही तेच ठरवावं लागतं.

आमच्याकडचं पात्र घ्या: कापूस वेचणारी बाई. तिचा उजवा हात बोंडाकडे जातो आणि कमरेच्या ओटीत येतो, एवढीच हालचाल. पण पदर छातीवरून खांद्यावर जातो आणि पाठीवर उतरतो. तो एकाच वेळी धडाच्या पुढेही असतो आणि मागेही. एका लेयरवर ठेवला, तर हात उचलताच एकतर पदर हातावर चढतो, नाहीतर हात पदरावर. म्हणून त्याचे दोन तुकडे: पुढचा धडाच्या वर, मागचा सगळ्यांच्या खाली, आणि त्यांची भेट खांद्याच्या चुणीत. बांगड्या मनगटाचा जोड आपसूक झाकतात.

खरी गंमत शर्टाची. आमच्या शेतातली बाई उन्हापासून आणि काटक्यांपासून जपायला लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवते. चित्रांच्या पुस्तकातली शेतकरीण तो कधी घालत नाही. मी माझ्या पात्राला घालतो, कारण तो खरा आहे. आणि तो घातला की पदराचा निम्मा गुंता मिटतो आणि कोपराचा सांधा बाहीच्या सुरकुतीत जिरतो. नीट बघून काढलेलं पात्र हलवायलाही सोपं जातं, हा माझा पक्का समज आहे.

यानंतरचं काम एक्सपोर्टचं. कंटाळवाणं, पण चित्र तरतं की बुडतं ते इथेच. पारदर्शक पिक्सेललाही आत रंग असतो, बहुधा पांढरा. खेळात चित्र फिरलं किंवा लहानमोठं झालं की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि सावळ्या हाताला पांढरी किनार येते. त्यावर दोन उपाय आहेत. कडेचा रंग अदृश्य भागात आणखी काही पिक्सेल पसरवायचा, किंवा अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा आकडा, रंगात आधीच गुणून घ्यायचा. मात्र दुसरा उपाय केला, तर ते खेळाच्या इंजिनलाही सांगायला हवं. शीटवर दोन तुकड्यांमध्ये निदान दोन पिक्सेलची मोकळी जागा ठेवायची, नाहीतर शेजारच्या पावलाचा रंग गालावर येतो. कडेची रिकामी जागा छाटली, तर तुकडा मूळ चित्रात कुठे होता त्याचे आकडे सोबत जायलाच हवेत. आणि नावं देताना डावा-उजवा हात म्हणू नये. पात्र दुसऱ्या बाजूला वळवलं की डाव्याचा उजवा होतो. पुढचा हात, मागचा हात म्हटलं की भांडण मिटतं.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. तुकड्यांचं पात्र आपल्या जागी सुरेख डोलतं, पण मान वळवून पाठमोरं व्हायचं असेल, तर नवं चित्रच काढावं लागतं. याच्या उलट रीतीचा जुना दाखला आहे. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या ‘बाम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि १९५७ साली ‘द बनियन डियर’ तयार झाला. गोष्ट जातकातली, हरणांचीच, आणि चित्रांची धाटणी अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेली. तिथे हलणारं हरीण चित्रामागून चित्र काढून हलवलं होतं. हाताने काढलेल्या हरणाच्या धावेत जो लवचीकपणा येतो, तो सांधे जोडून येत नाही. म्हणून पंजे, डोळे आणि ओठ मी तीन-चार तऱ्हांनी सुटे काढून देतो. जिथे सांधा तोकडा पडतो, तिथे चित्रच बदलावं.

लेण्यातला शिल्पकार हे सगळं दगडात करून बसला आहे. चारही धडांची ढब वेगळी, पण प्रत्येक मान डोक्याला अशा जागी भिडते की तिथून कुठल्याही धडाकडे जाताना नजर अडखळत नाही. त्याने आधी जोड ठरवला, हरणं मग कोरली. चित्रकलेच्या वर्गात आपण नेमके याच्या उलट शिकतो.

म्हणून या कामात येणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच की, टॅब्लेट घ्यायच्या आधी एकदा फर्दापूरला या. तिथल्या बसने वर जा आणि पद्मपाणी बघून झाला की त्या खांबाखाली कागद-पेन्सिल घेऊन उभे राहा. डोकं एकदाच काढा आणि चार माना त्याला जोडून बघा. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा वार टाळा.