कंपनीची गाडी, खान्देशचं ऊन

'कंपनी कार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गारेगार एसी, मस्त म्युझिक आणि पेट्रोलचं बिल ऑफिसच्या नावावर! हा फंडा तपासायचा असेल, तर मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला जा. पारा ४५ अंशांवर, आणि ठिबकचे पाइप विकणाऱ्या माझ्या मित्राच्या गाडीचा एसी नुसता आवाज करणारा.

भुसावळ सोडलं की दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, मग वरणगाव. १९६४ पासूनची ऑर्डनन्स फॅक्टरी ही गावाची ओळख. इथला जुना एनएच ६ आता ५३ झालाय, चौपदरीही. हायवेवर ही बुटकी सेदान निभावते. पण तापी ओलांडून सावदा-रावेरच्या केळीबागांकडे वळलं, की तिचं पोट खाली घासलंच म्हणून समजा! महिन्याला चार हजार किलोमीटर म्हटल्यावर पाठ बोलायला लागते.

बदलून का घेत नाही? चार वर्षांचा नियम. शिवाय त्या वर्षीची पगारवाढ त्याने या गाडीसाठीच सोडली होती. घरच्या कामाला वापरली, तर वर टॅक्सही.

मग त्याने तोडगा काढलाय. पहाटे पाचला निघायचं, डिकीत पाण्याचा जार, खिडकीला ओला टॉवेल आणि भर दुपारी ढाब्यावर झणझणीत शेवभाजी.

तेव्हा ऑफर लेटरमध्ये 'कार' वाचून हुरळून जाऊ नका. आधी विचारा : कोणती, किती वर्षं, आणि आपला रस्ता कोणता?