देवाचा दरबार

नगरच्या भुईकोट किल्ल्याने किती धनी पाहिले! अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास हे शहर वसवायला घेतलं. चांदबीबीने मोगलांना तटाबाहेर थोपवून धरलं, तरी १६०० मध्ये किल्ला त्यांच्याकडे गेलाच. पुढे औरंगजेब बादशहा दख्खनच्या मोहिमेत थकून १७०७ मध्ये इथेच, भिंगारजवळ वारला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने किल्ला घेतला. १९४२ मध्ये इंग्रजांनी नेहरू, पटेल, आझाद यांना याच किल्ल्यात कोंडून ठेवलं आणि पाच वर्षांत इंग्रजांनाच देश सोडावा लागला. आपल्यावर कुणी धनी नाही, असं यातल्या बहुतेकांना आपापल्या काळी वाटलं असणार. खंदकाच्या कडेने चालताना मला या सगळ्यांची नावं आठवतात, पण भीती कुणाचीच वाटत नाही.

याच शहरात आम्ही ख्रिस्ती लोक दर रविवारी एका वेगळ्याच राज्याची मागणी करतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीचं मागणं नंतर येतं, देवाच्या राज्याचं आधी. शेवटी आम्ही राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवालाच वाहून टाकतो. बाकावर शेजारी कोण असतं? निवृत्त शिक्षिका, दवाखान्यातून रात्रपाळी करून आलेली नर्स, एखादा वाहनचालक, कॉलेजात शिकणारी पोरं. यांच्यातल्या कुणाच्या हाती सत्ता नाही. तरी विश्वाच्या सर्वोच्च सत्तेविषयी ही माणसं इतक्या सहज बोलतात, जणू त्यांची तिथे जुनी ये-जा आहे. लहानपणापासून मला याचं नवल वाटत आलं आहे.

सर्वसमर्थ देव म्हटलं की डोळ्यांसमोर सिंहासन उभं राहतं. शुभवर्तमानातलं चित्र मात्र निराळं आहे. अरण्यात सैतान येशूला जगातली सगळी राज्यं देऊ करतो आणि येशू ती नाकारतो. शिष्य मोठेपणावरून भांडू लागले की तो त्यांना बजावतो, जगातले अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं होता कामा नये. योहानाने लिहिलेला एक प्रसंग तर मला कधीच शिळा होत नाही. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, हे येशूला ठाऊक होतं, असं योहान आधी सांगतो. आता काहीतरी प्रचंड घडणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. पुढच्याच वाक्यात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुऊ लागतो. सर्वोच्च अधिकार हाती आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हे. ख्रिस्ती श्रद्धेतलं देवाचं सामर्थ्य समजून घ्यायचं असेल, तर मी याच प्रसंगापाशी थांबते.

नगर जिल्ह्यात हा प्रसंग कुणाच्या कानावर पडला, हेही पाहायला हवं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं. पुढच्या काळात मिशनकडे वळलेल्यांत महार आणि मांग समाजातले लोक फार मोठ्या संख्येने होते. आमच्या घराण्याची मुळंही नेवासे तालुक्यातल्या एका महारवाड्यात आहेत. गावगाड्यात त्यांची जागा ठरलेली होती. चावडीपासून दूर उभं राहायचं, पाटलाला जोहार करायचा, सांगितलेलं काम निमूट करायचं. पाटलावर मामलेदार, मामलेदारावर कलेक्टर, अशी चढत जाणारी सत्ता त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खालूनच पाहिली होती. अशा माणसांना कुणीतरी सांगितलं की या सगळ्यांच्या वर एकच धनी आहे आणि तो पाय धुतो.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. हे लोक पोटासाठी बाटले, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. भूक खरी होती, ती लपवायचं कारण नाही. पण दुष्काळ सरला, धान्य पिकलं, तरी ही माणसं प्रार्थना करतच राहिली, मुलांना शाळेत घालत राहिली. ज्या देवाने भुकेल्यांना आधी जेवू घातलं, त्याच्याकडे भुकेने आलेल्या माणसाची श्रद्धा कमअस्सल कशी ठरते, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

याच नगरने एक कवी पाहिला. नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांनी नगरला आणि राहुरीला काढली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. ख्रिस्ताला त्यांनी माऊली म्हटलं. त्यांची गीतं आजही आमच्या उपासना संगीतात आहेत आणि ती गाताना परक्या देशातल्या राजाचं स्तवन करतो आहोत असं कुणाला वाटत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवास तर याहून कठीण. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने आधी नवऱ्याच्या धर्मांतराचं दुःख सोसलं, मग स्वतःच्या मनाशी झुंजून जातीचं ओझं खाली ठेवलं आणि १९०० मध्ये राहुरीला बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या हुकमाने त्या आल्या नाहीत. त्यांच्या देवाने त्यांची पाच वर्षं वाट पाहिली. ज्याला सगळं करता येतं तो एका बाईच्या होकारासाठी थांबतो, ही मला त्याच्या सामर्थ्याची मोठी खूण वाटते.

पण देवाच्या नावाने चालणारी माणसांची सत्ता असं थांबत नाही. मिशनचे पैसे परदेशातून येत आणि निर्णयही बहुतांशी गोऱ्या हातात असत. देशी पाळक पगारी नोकर होऊन बसले होते. टिळकांना हे सलत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला एक नवं काम मांडलं. त्याचं नाव ठेवलं 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, त्यांच्यावर ख्रिस्तावाचून दुसऱ्या कुणाचा अधिकार असू नये, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि तो दरबार मूळ धरण्याआधीच उठला. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या प्रत्येक मंडळीत अजून उभा आहे. आपल्यावर राज्य कुणाचं, ख्रिस्ताचं की ख्रिस्ताच्या नावाने खुर्ची धरून बसलेल्यांचं?

दरबार म्हटला की फिर्याद आली. माझ्या आजीकडून मी हे शिकले. १९७२ च्या दुष्काळात ती दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. पोरांना सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. रात्री ती गुडघ्यांवर बसायची आणि देवाची स्तुती करता करता त्याच्याशी भांडायची. तुझ्या हाती आभाळ आहे ना, मग विहिरी का कोरड्या पडल्या, असं मोठ्याने विचारायची. घरातल्या कुणाला त्यात पाप दिसलं नाही. ज्या बाईच्या सासऱ्याला चावडीसमोर मान वर करता येत नव्हती, ती विश्वाच्या धन्याला जाब विचारत होती. स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी हेच केलं, ईयोबाने हेच केलं. आणि वधस्तंभावर टांगलेल्या येशूनेही शेवटी आक्रोश केला तो हाच. तू मला का टाकलंस, असं त्याने देवालाच विचारलं. ख्रिस्ती श्रद्धा इथे फार मोठं धाडस करते. जो न्यायासनावर बसायचा, तोच फिर्यादींच्या रांगेत येऊन उभा राहिला, असं ती सांगते.

म्हणून देव समर्थ असूनही जगात इतका अन्याय का, या प्रश्नाचं कोरडं उत्तर मला नको असतं. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरात मतमाऊलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. साऱ्या महाराष्ट्रातून माणसं येतात, ख्रिस्ती नसलेलीही येतात. त्याच हरेगावात २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार दलित तरुणांना झाडाला उलटं टांगून मारहाण झाली. ती बातमी वाचली त्या दिवशी मला प्रार्थना सुचेना. सर्वशक्तिमान देव कुठे होता? फार वेळाने एवढंच मनात आलं की लाकडावर टांगलेल्याची उपासना करणारे आम्ही, त्याला त्या झाडाखेरीज दुसरीकडे कुठे शोधणार? मारणाऱ्यांच्या हातातलं बळ हे देवाचं बळ नव्हे. ते मरतं, किल्ल्याच्या धन्यांसारखंच. मार सोसणाऱ्याच्या बाजूने जे उभं राहतं आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी करतं, ते देवाचं बळ. पण अशा वेळी माझी मंडळी किती मोठ्याने बोलते, यावर मी तिची श्रद्धा जोखते. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणणाऱ्यांनी भिऊन गप्प बसणं मला पटत नाही.

आमच्या मंडळ्यांतही आज खुर्च्यांसाठी भांडणं होतात, मिळकतींचे वाद कोर्टात जातात, पंच कमिटीच्या निवडणुकीत माणसं एकमेकांचं तोंड पाहीनाशी होतात. ज्याने जगातली राज्यं नाकारली त्याच्या घरात हे चालावं, याचं मला मनापासून दुःख होतं. देवाच्या सर्वोच्च सत्तेवर आपला खरोखर विश्वास असेल, तर आपल्यातल्या कुणालाही धनी होण्याची गरज उरत नाही. म्हणून पंच, पाळक आणि वडीलजन, तुम्हां सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या बैठकीत हिशेब आणि ठराव मांडण्याआधी, ज्याला आजवर कुणी बोलू दिलं नाही त्याची फिर्याद आधी ऐका, आणि ती खरी निघाली तर त्याच्या बाजूने उभे राहा.