विरोध करणाऱ्याच्या नावाची मंडई

पुण्याच्या शुक्रवार पेठेतली मंडई म्हणजे आम्हा बागवानांचा मदरसाच. तराजू, हिशेब, गिऱ्हाइकाशी बोलायची रीत आम्ही तिथंच शिकलो. मात्र ज्या इमारतीच्या सावलीत आमच्या पिढ्यांनी रोटी कमावली, तिची कहाणी आमच्या बिरादरीत फारशी कुणी सांगत नाही.

पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. पुढे नगरपालिकेनं पक्की मंडई बांधली. १८८६ साली ती सुरू झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवती लांबच लांब दालनं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणू लागले.

या खर्चाला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. १८७६ ते १८८२ ते नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा लोकांच्या शिक्षणावर घाला. बांधकामाचं त्यांना वावडं नव्हतं. ते स्वतः ठेकेदार होते. पिकवणाऱ्याचे हालही ते जाणत होते. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. म्हणजे दगडाचा भाव आणि भाजीचा भाव दोन्ही ठाऊक असलेला माणूस शाळेची बाजू मांडत होता.

विरोध चालला नाही. पण पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं लॉर्डसाहेबांचं नाव गेलं आणि मंडई महात्मा फुल्यांची झाली. २०२४ साली तिच्याजवळ जमिनीखालून मेट्रो धावू लागली, तिथल्या स्टेशनालाही मंडईचंच नाव आहे. इमारत राहिली, नाव राहिलं. मुद्दा तेवढा मागे पडला.

तो मुद्दा आम्हाला जवळचा वाटतो त्याला कारण आहे. लहानपणी जोतीरावांची शाळा सुटली होती, पोर शेतात राबत होतं. तेव्हा शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लेजिट नावाचे साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एका मुसलमान मुन्शीनं एका माळ्याच्या पोराला शाळेत परत धाडलं. आज आमच्या कितीतरी घरांत पोरगं दहावीला पोचलं, की त्याला गाडीवर बसवायची घाई होते. पोरीचं तर विचारूच नका.

मागे आमच्या जमातीच्या बैठकीत शादीखान्याचा विषय निघाला. आम्ही म्हटलं, आधी मुलींच्या वसतिगृहाचं बघा. एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, इमारत लोकांना दिसते. तालीम कुणाला दिसते?" सगळे हसले आणि ठराव शादीखान्याचा झाला.

शादीखाना बांधा, आम्ही त्याला चंदा दिला आहे. मागणी एवढीच, की जमातीच्या जमाखर्चात फीचा रकाना चुना-सिमेंटच्या आधी लिहा. गफार बेग मुन्शींनी कुठली इमारत बांधली नाही. ते फक्त एका बापाच्या दारात जाऊन बसले. तेवढं तर आम्हालाही जमेल.