पाठराखीण

मुलास किती धरावे आणि कोठे सोडावे, हा आईबापांपुढचा प्रश्न जुनाच आहे. परंतु एरवी तो इतक्या अस्पष्ट रूपाने समोर येतो की, त्याचे उत्तर देण्याचे आपण वर्षानुवर्षे टाळू शकतो. शाळा, अभ्यास, सोबती, हातखर्चाचे पैसे या सर्व बाबतींत 'पुढे पाहू' असे म्हणण्याची सोय असते. सायकलीच्या बाबतीत ती नसते. तेथे हा प्रश्न लोखंडाच्या एका सांध्याचे रूप घेऊन दुकानाच्या फळीवर मांडलेला असतो. आणि तो विकत घ्यावयाचा की नाही, व घ्यावयाचा तर कोणता, हे दुकान बंद होण्यापूर्वी ठरवावे लागते.

ज्या वस्तूविषयी आम्ही लिहीत आहो ती पुष्कळ वाचकांच्या पाहण्यात नसेल, म्हणून प्रथम तिचे वर्णन करणे प्राप्त आहे. मोठ्या माणसाच्या सायकलीच्या पाठीस एक अर्धी सायकल जोडलेली असते. तिला मागचे चाक, बैठक, पायडले व हँडल ही सर्व असतात. पुढचे चाक मात्र नसते. त्याच्या जागी एक लांब वाकडी नळी पुढे येऊन मोठ्या सायकलीस जखडलेली असते. हँडल केवळ धरण्यापुरते. ते फिरवून काही वळत नाही. पायडले मात्र खरी. मुलाने ती मारली तर पुढच्याचे श्रम हलके होतात, न मारली तर त्याचे ओझे वाढते. इंग्रज लोक हिला टॅगअलाँग म्हणतात, आणि १९३०च्या सुमारास रॅन नावाच्या इंग्रज गृहस्थाने बनविलेली जोडसायकल ही तिची पूर्वज समजली जाते. आमच्या घरात तिचे नाव पाठराखीण पडले. नवी नवरी प्रथम सासरी जाऊ लागली की, चार दिवस तिला परके वाटू नये म्हणून माहेरची कोणी मुलगी किंवा बाई सोबत धाडीत, तीच पाठराखीण. पाठीशी राहावयाचे, पण संसारात हात घालावयाचा नाही, हा तिचा धर्म.

आमच्या लहानपणी पुण्यास असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. तेथे मूल दांडीवरच्या चिमुकल्या बैठकीवर, बापाच्या दोन हातांच्या कुंपणात बसे; घंटी वाजविण्याचा हक्क त्याचा, बाकीचे सर्व श्रम बापाचे. पुढे पाय थोडे लांबले की, तेच मूल मोठ्या माणसाची सायकल घेऊन, दांडीखालून एक पाय पलीकडे घालून, अर्धे अर्धे पायडल मारीत गल्लीत हिंडे. या दोन अवस्थांच्या मध्ये तिसरी अवस्था नव्हती. काल जे मूल सामान होते ते आज सारथी होई, आणि या स्थित्यंतराची साक्ष गुडघ्यांवर उमटे. पाठराखीण ही नेमकी मधली अवस्था आहे. तीवर बसलेल्या मुलास कोणी वाहून नेत असते, आणि तरीही ते स्वतः चालवीत असते.

काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड इंग्लंडात केंब्रिज येथे गेले. मराठी माणसास हे गाव रँग्लर परांजप्यांमुळे ठाऊक. १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत त्यांनी पहिल्या स्थानाचा मान मिळविला, आणि तेव्हापासून केंब्रिज म्हटले की आपल्याकडे गणित आठवते. तेथे संसार थाटणाऱ्यास मात्र गणिताच्या आधी सायकल हाती घ्यावी लागते. गाव सपाट, जुने रस्ते अरुंद, मोटार उभी करावयास जागा नाही. त्यामुळे प्राध्यापकापासून परिचारिकेपर्यंत सारे गाव दोन चाकांवर. आमच्या घरापासून कन्येच्या शाळेपर्यंतची वाट तीन भागांची होती. आरंभी रहदारीचा रस्ता. मग मिडसमर कॉमन आणि जीझस ग्रीन या नदीकाठच्या मोकळ्या मैदानांतून जाणारी, मोटारींस मज्जाव असलेली वाट, जिच्या कडेला उन्हाळ्यात गायी चरत असतात. आणि शेवटी पुन्हा रहदारी.

कन्या तेव्हा पाच वर्षांची होती. तिची स्वतःची १४ इंची चाकांची सायकल होती आणि सरळ वाटेवर ती ती उत्तम चालवी. वळण आले, कुत्रे आडवे आले, किंवा आकाशात विमान दिसले, की सारेच अनिश्चित होई. सायकलस्वारास ओलांडताना ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीने निदान दीड मीटर अंतर राखावे, असा मजकूर तेथील रस्त्याच्या नियमावलीत २०२२ साली दाखल झाला आहे. तो मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याने वाचला आहे की नाही, याची परीक्षा आमच्या कन्येच्या जिवावर घेण्याची आमची तयारी नव्हती. उलटपक्षी, जिला स्वतःची सायकल येते तिला गाठोड्याप्रमाणे पाठीस बांधून न्यावे, हेही मनास पटेना.

दुकानात गेल्यावर कळले की पाठराखिणीही अनेक जातींच्या आहेत, आणि त्यांतील भेद सांध्यात आहे. पहिल्या जातीचा सांधा पुढच्या सायकलीच्या सीटखालच्या नळीस आवळलेला असतो. ही सर्वांत स्वस्त व सर्वत्र मिळणारी. या सांध्याला दोन खिळी असतात. एका खिळीवर मागची सायकल डावी-उजवीकडे वळते, दुसरीवर खाचखळगे आले असता खाली-वर होते. तिसरी हालचाल, म्हणजे कुशीवर कलंडण्याची, तिला मुळीच असता कामा नये. कारण मागची सायकल उभी राहते ती पुढचीच्या आधाराने. सांधा झिजून ढिला झाला की मूल एका बाजूस कललेले दिसू लागते. शिवाय सांधा उंचावर असल्यामुळे मागे मूल जरा डोलले की, त्याचा हिसका पुढच्याच्या कमरेखाली येऊन पोचतो. दुसऱ्या जातीत सांधा खास बनविलेल्या कॅरिअरवर, मागच्या चाकाच्या आसाच्या वर बसविलेला असतो. हा अधिक स्थिर. पण पाठीस लागते ती अर्धीच सायकल.

उरलेल्या दोन जातींत अर्धी सायकल नसतेच. मुलाची स्वतःची सायकलच घ्यावयाची, तिचे पुढचे चाक जमिनीपासून उचलावयाचे, आणि ती मोठ्या सायकलीस जोडावयाची. एका प्रकारात हे काम सीटखालच्या नळीपासून निघालेली एक दांडी करते. काम नसले म्हणजे ती घडी करून पुढच्या सायकलीवरच ठेवता येते; परंतु दांडी लांब, तेव्हा डुलणेही आलेच. दुसरा प्रकार फॉलोमी नावाचा, स्वित्झर्लंडातला. हा सांधा मोठ्या सायकलीच्या मागच्या आसास दोन्ही बाजूंनी, अगदी खाली पकडतो आणि १२ ते २० इंची चाकांच्या सायकली पाठीशी घेतो. सर्व भार खाली असल्यामुळे तो फारसा डगमगत नाही, आणि कॅरिअरवरची जागा धाकट्या भावंडाच्या खुर्चीस मोकळी राहते. तथापि तो वजनाने जड व किंमतीने त्याहून जड.

या विषयावर आमच्या घरी जी चर्चा झाली तिच्यात सर्वांची बाजू खरी होती. आमच्या सौभाग्यवतींचे मत अर्ध्या सायकलीकडे झुकले. "जी वाटेत सोडायचीच नाही, ती वाटेत सुटणारही नाही," असे त्यांचे म्हणणे, आणि त्यास उत्तर देणे सोपे नव्हते. कन्येची हरकत निराळीच होती. "मग माझी सायकल घरी एकटी राहील," असे ती म्हणाली. आमच्या मातोश्री त्या उन्हाळ्यात पुण्याहून आल्या होत्या. दुकानातून आणलेली चित्रे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, दावं बांधायला कुणाची ना नाही. पण ते सोडायचं कुठे, ते आधी ठरवून ठेव."

मातोश्रींच्या या शब्दांनी निवडीचा प्रश्नच बदलला. सांधा किती घट्ट बसतो हे दुकानदार न विचारता सांगतो. तो किती सहज सुटतो हे आपण विचारावे लागते. आणि सुटण्याची गरज आहे की नाही हे मुलावर जितके अवलंबून, तितकेच वाटेवर. ज्यांची सारी वाट रहदारीतून जाते त्यांस सुटणाऱ्या सांध्याचा काय उपयोग? त्यांनी खुशाल अर्धी सायकल घ्यावी. ज्या मुलास अजून तोलच साधत नाही त्यासही तीच बरी. निदान त्याच्या पायांस काम मिळते, आणि आपणही गाडी चालविली असे त्यास म्हणता येते. आमची वाट दोन्ही टोकांस धोक्याची आणि मध्ये निर्धास्त, व स्वार अर्धवट शिकलेला. म्हणून आम्ही आसास जोडावयाचा सांधा घेतला.

पाठीशी मूल घेऊन चालणे हे वेगळेच शिक्षण आहे. सायकल, सांधा व मूल मिळून तिशीपार किलोंचा भार मागे असतो आणि तो थांबविण्याची जबाबदारी पुढच्याच्या ब्रेकवर. म्हणून थांबावयाचे ठिकाण पुष्कळ आधी हेरावे लागते. जोडीची लांबी मोटारीच्या जवळपास जाते आणि वळणावर मागचे चाक आतून कापीत येते. तेव्हा कोपऱ्यावरचा खांब आपण चुकविला म्हणजे तो मुलानेही चुकविला, असे होत नाही. वाटेवर मोटारी शिरू नयेत म्हणून जेथे अडसर उभे केलेले असतात तेथे सरळ खाली उतरावे. गुरे बाहेर पडू नयेत म्हणून मैदानाच्या तोंडाशी जमिनीत लोखंडी गजांची जाळी असते, तीवरूनही जपून जावे लागते. पावसाळी दिवशी पुढच्या चाकाखालचा चिखल थेट मागच्याच्या तोंडावर उडतो. त्यास उपाय म्हणजे मडगार्डास लांब पाखे लावणे. सर्वांत अवघड गोष्ट ही की, मूल दिसत नाही. पाठीमागे गाणे चालू आहे तोवर सर्व ठीक. गाणे थांबले की आरशात पाहावे. पुढे बसलेल्यास मागच्याचे श्रम दिसत नाहीत, पण ते जाणवतात. पुलाच्या चढावर एकाएकी सायकल हलकी झाली की, मागे दोन चिमुकले पाय निकराने फिरत आहेत हे न पाहता समजते. असले सुख आम्हांस दुसऱ्या वाहनाने दिलेले नाही.

मैदानाच्या तोंडाशी आम्ही सांधा सोडीत असू. दोन मिनिटांचे काम. मग कन्या आपली सायकल घेऊन गायींच्या कडेने पुढे निघे आणि आम्ही मागून. पलीकडच्या तोंडाशी पुन्हा जोडणी. वर्षभराने एका पावसाळी सकाळी त्या दुसऱ्या टोकाशी तिने सायकल घट्ट धरून ठेवली. "बाबा, आज नको जोडू. मी रस्त्यावरूनही येते," ती म्हणाली. आम्ही नाही म्हटले. तिने कारण विचारले, आम्ही मोटारींकडे बोट दाखविले. तिने वर्षभराच्या आपल्या न पडण्याकडे बोट दाखविले. तिचा मुद्दा खरा होता आणि आमचे भयही खरे होते. तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी दोघांनीही आपापली सायकल हातात धरून पदपथावरून चालत शाळा गाठली. उशीर झाला, पण बांधले कोणी कोणास नव्हते. त्यानंतर कित्येक आठवडे तो शेवटचा टप्पा आम्ही तसाच चालत पार केला, आणि त्या चालण्यात चौकात कोठे थांबावे, कोणाच्या डोळ्यांकडे पाहावे, हात केव्हा दाखवावा, हे तिने सायकलीवरून जे शिकली नसती ते पायी शिकून घेतले.

आता आमच्या कन्येस सांध्याची गरज उरलेली नाही. तो शेजारच्या घरी गेला आहे, आणि तेथूनही एके दिवशी पुढे जाईल. असल्या वस्तू एका घरात फार वर्षे राहात नाहीत. निवड करणाऱ्यांनी किंमत, वजन, स्थैर्य हे सर्व पाहावेच. परंतु नावाविषयी आमचे मत मात्र बदलले आहे. मागे जोडलेली ती पाठराखीण, असे आम्ही समजत होतो, कारण आम्ही पुढे होतो आणि वाट आमची होती. वस्तुतः वाट तिचीच होती. नव्या घरी चार दिवस सोबत राहून, नवरीचा जीव रमला असे पाहताच जी मुकाट्याने माहेरी परतते ती पाठराखीण. आणि हे काम, पुढे बसून का होईना, आमच्याकडे होते.